मुसीच्या उत्तर तीरावरील बिऱ्हाड

नोकरीचा हुकूम येतो तो एका माणसाच्या नावे. त्यात रुजू होण्याची तारीख असते, पगाराचा आकडा असतो, फार झाले तर प्रवासभत्त्याचा उल्लेख असतो. त्या परगावी गेल्यावर कोणत्या आळीत राहावे, शेजार कोणाचा धरावा, मुलांस कोणत्या शाळेत घालावे, पाणी आडाचे की नळाचे, याविषयी सरकारी कागद मौन पाळतो. ही दुसरी निवड गृहस्थाने स्वतःच्या अकलेने, दोनचार ओळखीच्या माणसांस विचारून, बहुधा आठपंधरा दिवसांच्या घाईत करावयाची असते. आणि तिचे परिणाम मात्र त्याच्या मुलांनाच काय, पण नातवंडांनाही भोगावे लागतात. राजधान्यांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपल्याकडे लिहिले गेले. बिऱ्हाडांचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर हा इतिहास लिहिल्यावाचून तेथील मागल्या शतकातील सार्वजनिक जीवनाचा उगमच नीट समजावयाचा नाही, असे आम्हांस वाटते.

उदाहरणासाठी नायगाव घेऊ. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी ते बिलोली तालुक्यात मोडत असे. १९४८ सालापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील चार बुके शिकलेल्या मुलाने नोकरीचा विचार मनात आणला की त्याचे तोंड आपोआप आग्नेयेस, हैदराबादेकडे वळे. पुणे-मुंबई ही भाषेने जवळची, पण राज्याने परकी; हैदराबाद भाषेने दूरचे, पण सरकार तेथले. लातूरची गोष्ट थोडी निराळी होती. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली आणि त्या गावाचा व्यापार व ओढा बार्शी-सोलापूरकडे राहिला. नांदेडकडे मात्र १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद अशी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाली, आणि राजधानीचा रस्ता एका रात्रीचा झाला. नायगावच्या माणसाने बैलगाडीने गोदावरी ओलांडून उत्तरेकडील उमरी स्टेशन गाठावे, तेथे गाडीत बसावे, आणि थोड्याच वेळाने बासरपाशी पुलावरून तीच गोदावरी पुन्हा उलट ओलांडावी, असा हा प्रवास होता. बासरास सरस्वतीचे देऊळ आहे. लेकरांना पहिले अक्षर गिरवावयास तेथे घेऊन जाण्याची चाल या भागात जुनी आहे. हैदराबादेस बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबाच्या मनात जो सर्वांत मोठा प्रश्न असे तो त्या देवळाशीच निगडित होता: या पोराने पहिले अक्षर तर येथे गिरविले, पण पुढली अक्षरे कोणत्या लिपीत?

कारण दरबारची भाषा उर्दू होती. १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली आणि कचेरीचे, न्यायालयाचे, पुढे शिक्षणाचेही सर्व व्यवहार तीत चालू लागले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथेही शिकविण्याची भाषा उर्दूच. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठाच उपक्रम होता, आणि त्याचे श्रेय नाकारणे अनुदारपणाचे होईल. पण राज्यातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती, हेही तितकेच खरे. नांदेडात कॉलेज म्हणाल तर १९५० साली पीपल्स कॉलेज निघेपर्यंत एकही नव्हते. म्हणजे हैदराबादेस जाणे हे नोकरीसाठी होते तसेच मुलांच्या शिक्षणासाठीही होते. बापाची भाकरी उर्दूवर अवलंबून. मुलाचे मराठी टिकवावयाचे तर ते घरात, शेजारात आणि एखाद्या खासगी शाळेत. सरकारी नोकरीची जागा ठरलेली असे. त्यामुळे मुलाच्या भाषेसाठी जे काही करता येईल ते राहण्याच्या जागेच्या निवडीतूनच करावे लागे.

आता ते शहर पाहू. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने वसविलेले मूळ हैदराबाद मुसी नदीच्या दक्षिण तीरावर. चारमिनार, नबाबांच्या देवड्या, सरकारी दफ्तरे, बाजार हे सर्व त्या बाजूस. नदीच्या उत्तरेस चादरघाट. आणि तेथेच एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने आपली प्रचंड खांबांची कोठी बांधविली. त्या कोठीवरून सबंध परिसरास आजही लोक ‘कोठी’ म्हणतात. मूळ इमारतीत पुढे स्त्रियांचे कॉलेज भरू लागले. रेसिडेंटाच्या आसऱ्याने भोवती एक बाजार वाढला. प्रथम आले ते सावकार. विल्यम पामर आणि कंपनीची प्रसिद्ध पेढी याच आवारातली. सावकारांना हे ठिकाण का आवडावे, हे उघड आहे. नबाबास लाखांनी कर्ज द्यावयाचे आणि वसुलीच्या वेळी त्याच नबाबाच्या पहारेकऱ्यांसमोर उभे राहावयाचे, यापेक्षा आपण राहतो त्या जागेवर त्याचा हुकूम चालत नाही हे बरे. १८५७ साली १७ जुलै रोजी तुर्रेबाजखानाने रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो फसला. त्यानंतर तेथील बंदोबस्त अधिकच कडक झाला. अशा रीतीने निजामाच्या राजधानीला चिकटून, पण निजामाच्या अमलाबाहेर, इंग्रजी कायद्याची एक चिमुकली वस्ती तयार झाली. तिचे नाव रेसिडेन्सी बाजार. एका गल्लीत एक कायदा, कोपरा वळले की दुसरा, असा हा प्रकार होता. चादरघाटच्या उपनगरास १८८६ पासून नगरपालिकाही निराळी होती.

नांदेडकडून आलेल्या गृहस्थापुढे दोन मार्ग असत. एक, दक्षिणेस जुन्या शहरात राहणे. हा मार्ग सरसकट वाईट होता असे कोणी समजू नये. जुन्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. दरबारच्या हिशेबी कामात, दफ्तरांत त्यांचा वावर होता. शहाअलीबंड्यात १८९५ साली त्यांनी ‘भारत गुणवर्धक संस्था’ काढली; मराठी पुस्तकांचा संग्रह केला. त्या घराण्यांचे उर्दू लखनौकरांनी मान डोलवावी असे असे आणि मराठीत फारसी शब्दांची लयलूट असे. कचेरी पायाखाली, रोजचे जाणेयेणे सुखाचे, अधिकाऱ्यांशी ओळख ठेवणे सोपे. बढतीच्या दृष्टीने पाहिले तर शहाणपणाची निवड हीच.

दुसरा मार्ग नदीच्या उत्तरेस राहण्याचा. रेसिडेन्सी बाजार, गौळीगुडा, हनुमान टेकडी, बडी चावडी, पुतलीबावडी, इसामिया बाजार, आणि थोडे पलीकडे काचीगुडा. येथून कचेरीस जावयाचे तर सकाळी जेवून पूल ओलांडावा, संध्याकाळी पुन्हा ओलांडावा. पावसाळ्यात ही रोजची तंगडतोड त्रासाची. असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत शिकलेल्या मराठी कुटुंबांचा ओघ उत्तरेकडे वाढत गेला.

त्याची कारणे एकाच पोत्यात भरता येणार नाहीत. काहींना स्टेशन जवळ हवे होते. गावाकडून ज्वारीची पोती, डाळ, लोणच्याची बरणी, आजारी सासू आणि परीक्षेस बसणारा पुतण्या ही सर्व मंडळी रेल्वेनेच येत. १९१६ साली काचीगुड्याचे देखणे स्टेशन झाल्यावर त्या बाजूची बिऱ्हाडे वाढली यात नवल नाही. काहींना वकिली करावयाची होती. पण या सर्व कारणांच्या मुळाशी आणखी एक होते, आणि ते बोलून दाखविण्याची कोणास गरज वाटत नसे. रेसिडेन्सीच्या हद्दीत चार माणसे एकत्र जमण्यास, व्याख्यान करण्यास, वाचनालय उघडण्यास निजामी अमलातल्यापेक्षा पुष्कळ मोकळीक होती. आर्यसमाजाची शाखा येथे १८९२ सालीच निघाली. १९०१ साली तेलुगू मंडळींनी येथेच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय स्थापिले. निजामी हद्दीत मात्र सभा भरविण्यास आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाचे नाव त्या पिढीतील प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी असे. पुढे खासगी शाळांनाही तशाच परवानगीच्या बेड्या पडल्या.

या संदर्भात केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. जन्म परभणीकडच्या पुरजळ गावचा. वकिलीचा आरंभ गुलबर्ग्यास. १८९६ साली ते हैदराबादेस आले आणि पुढे तेथील हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांनी, वामनराव नाईकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९०७ साली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा काढली. चित्रकलेवर उपजीविका करण्यासाठी हैदराबादेत आलेले पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही तिच्या उभारणीत वाटा होता. आज जांबबागेत उभी असलेली ही संस्था रेसिडेन्सीपासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळा निघाल्यावर बिऱ्हाडाच्या प्रश्नाचा निकाल पुष्कळांपुरता आपोआप लागला. आधी वस्ती होती म्हणून शाळा निघाली. मग शाळा आहे म्हणून वस्ती वाढली. आणि वस्ती वाढली म्हणून वाचनालय, गणेशोत्सव, व्याख्याने, नाटके, लग्नाचे बैठकघर हे सर्व तेथेच आले. नायगावहून वा नांदेडहून नवा आलेला कारकून मग जागा शोधीत हिंडत नसे. गावच्या कोणा ओळखीच्याचा पत्ता खिशात घेऊन तो उतरे, आठ दिवस त्याच्या ओसरीवर काढी, आणि त्याच आळीत दोन खोल्या धरी.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण जुन्या आठवणी लिहिणारे पुरुष तिच्याविषयी क्वचितच बोलतात. नोकरी करणारा दिवसभर कचेरीत असे. त्याला उर्दू येई, त्याचे चार मित्र होत, बाजारहाट तोच करी. पण त्याची बायको? बिलोलीकडच्या मुलीने ज्या आडावर पाणी भरावयाचे त्या आडावर तिची भाषा कोणालाच कळत नसेल तर तिने दिवस कसा काढावा? पहिल्या बाळंतपणास सुईण बोलावण्याची, पोराला ताप भरला तर शेजारणीला हाक मारण्याची भाषा कोणती? बिऱ्हाडाची जागा नवरा ठरवी, पण त्या जागेत चोवीस तास राहावे लागे ते बायकोला. मराठी आळीचे मोल खरे कळत असेल तर ते तिलाच. शाळा, सभा आणि वर्तमानपत्रे यांच्या मागे दडून हे कारण इतिहासाच्या नजरेतून निसटते. आमच्या मते बिऱ्हाडे उत्तरेस सरकण्यात त्याचा वाटा कोणत्याही राजकीय हेतूपेक्षा कमी नव्हता.

आणि ‘निवड’ हा शब्दही जपूनच वापरावयास हवा. निवड करावयास हातात महिन्याचा पगार लागतो, आणि त्या काळी जातही लागे. मराठी आळीतला घरमालक भाडे सांगण्यापूर्वी भाडेकरूचे आडनाव विचारी. ज्यांना गिरणीत वा गाडीतळावर काम शोधावयाचे होते त्यांना कोणी जागा निवडू दिली नाही. काम जेथे मिळेल त्याच्या आसपास मिळेल तो आडोसा, हेच त्यांचे बिऱ्हाड. आपल्या माणसांत राहण्याचे सुख जे मिळवीत होते ते त्याच वेळी काही माणसांस आपल्यांतून वगळीतही होते.

हवापाण्याचा विचार लोकांच्या मनात जोराने शिरला तो १९०८ साली. त्या वर्षी २८ सप्टेंबरास मुसीला जो पूर आला तो हैदराबादेने कधी विसरू म्हटले तरी विसरता येणार नाही. सुमारे १५,००० माणसे मेली असा अंदाज सांगतात. अफझलगंजात दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचविले. ते झाड अजून दाखवितात. पुढल्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस बोलावण्यात आले, त्यांच्या सल्ल्याने पुढे मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. १९११ साली प्लेग आला. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन होऊन दाट वस्त्या पाडणे, रस्ते रुंद करणे, नव्या चाळी-घरे बांधणे सुरू झाले. नदीकाठची स्वस्त जागा आणि चार पैसे अधिक देऊन उंचावरची जागा यांतला फरक आता भाडेकरूस कोणी समजावून सांगावा लागेना. हनुमान टेकडीच्या नावातला ‘टेकडी’ हा शब्द पूर्वी निव्वळ पत्त्याचा भाग होता. पुरानंतर त्याला अर्थ आला.

मुंबईकडे याच सुमारास जे चालले होते त्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तेथेही १८९६ च्या प्लेगने लोकांना गिरगावच्या कोंदट चाळींतून बाहेर काढले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने दादर-माटुंग्यास जमिनी आखून दिल्या, १९१५ साली गावदेवीस सारस्वतांनी सहकारी गृहसंस्था उभारली, आणि कारकून-मास्तरांचा वर्ग हळूहळू उपनगरवासी झाला. (दादरच्या बाजूसही एक नायगाव आहे, आणि १९२० नंतर तेथे सरकारने कामकऱ्यांसाठी बांधलेल्या चाळी आहेत, आमच्या नायगावाशी तिचा नावापलीकडे संबंध नाही.) मुंबईकर गृहस्थ मोकळी हवा, लोकलचा पास आणि भाडे यांचा हिशेब करी. गिरगावात राहिला काय नि दादरला राहिला काय, कायदा तोच आणि शाळेत मराठी तेच. हैदराबादेस गेलेल्या मराठवाड्याच्या माणसाच्या हिशेबात मात्र एक रकाना अधिक होता, आणि तो सर्वांत जड होता. आज नायगाव-देगलूरकडचा तरुण अभियंता पुण्याच्या हिंजवडीकडे किंवा हैदराबादेच्याच गच्चीबावलीकडे भाड्याचे घर शोधतो, तेव्हा पाण्याचे टँकर, शाळेची फी आणि कचेरीचे अंतर यांच्या यादीत मुलाच्या भाषेचा रकाना तो बहुधा घालीतही नाही. ती चैन त्याला परवडते की नाही, हे आणखी वीस वर्षांनी विचारावे.

पगाराचाही एक बारकावा होता. निजामी नोकराचा पगार हाली शिक्क्यात. आणि १०० कलदार रुपयांस सुमारे ११६ ते ११७ हाली मोजावे लागत. पुण्याहून मासिक मागवावयाचे, मुलासाठी मुंबईची क्रमिक पुस्तके आणावयाची, तर पैसे कलदारात. म्हणजे मराठी राहण्यास शंभरामागे सोळा-सतरा रुपये अधिक पडत असे म्हटले तरी चालेल! वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या आळीत राहिल्याने हा भुर्दंड थोडा वाटून घेता येई.

रेसिडेन्सी बाजारास स्वातंत्र्याचे बेट म्हणून गौरविण्याची एक प्रथा पडली आहे. ती अर्धीच खरी आहे. रेसिडेंट काही स्वराज्यवादी नव्हता. निजामाविरुद्ध बोललेले त्याला एक वेळ चाले, इंग्रजांविरुद्ध बोललेले चालत नसे. सातवळेकरांस त्यांच्या राष्ट्रीय लेखनापायी हैदराबाद सोडावे लागले. संस्थानच्या राजकीय परिषदा तर राज्याबाहेरच भरवाव्या लागल्या: १९२३ साली काकीनाड्यास, १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास, १९३१ साली अकोल्यास. दोन सत्तांच्या फटीत जी जागा उरते तेवढीच ही जागा होती. परंतु फटीतही रोप रुजते, आणि विवेकवर्धिनीचे रोप तेथे रुजले एवढे खरे.

त्या रोपाच्या सावलीत जे घडले त्यातील एक प्रसंग मराठी माणसांनी फारसा सांगितलेला नाही. तेलुगू माणसे मात्र तो सांगावयास विसरत नाहीत. १९२१ सालच्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या आवारात सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे झाली, लोकांनी ती शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा. हशा झाला, टाळ्या पिटल्या गेल्या, आणि त्या गृहस्थांस भाषण पुरे करणे कठीण झाले. ज्या राज्यात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक, त्या राज्याच्या राजधानीत, सुधारणेच्या व्यासपीठावर, आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अध्यक्षासमोर हे घडले! आपल्या भाषेस दरबारात मान नाही म्हणून ज्यांनी वेगळी आळी केली, वेगळी शाळा काढली, त्यांनीच आपल्या आळीत दुसऱ्याच्या भाषेस हसावे, यापरती विसंगती कोणती? परिणाम तत्काळ झाला. दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. पुढल्या आंध्र महासभेचे आणि तेलंगणातील सगळ्या जागृतीचे मूळ तेथे शोधतात. आपल्यापुरते विचाराल तर, दहापंधरा वर्षे केवळ आपल्याच माणसांत राहिल्याने भिंतीपलीकडचे शहर कोणत्या भाषेत बोलते हे दिसेनासे होते, याचा हा पुरावा होय. वस्ती निवडताना नायगावच्या कारकुनाने हा धोका हिशेबात धरला नव्हता. धरावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण वस्तीच्या पुढाऱ्यांनी तो ओळखावयास हवा होता.

१९३३ साली रेसिडेन्सी बाजार निजाम सरकारास परत मिळाला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. त्याच वर्षी चादरघाटची निराळी नगरपालिकाही हैदराबादेत विलीन झाली. म्हणजे ज्या सरहद्दीसाठी लोकांनी तेथे बिऱ्हाडे केली होती ती सरहद्दच नाहीशी झाली. मग बिऱ्हाडे हलली का? मुळीच नाही. एकदा शाळा, देऊळ, डॉक्टर आणि किराणावाला ठरला की कायदा बदलल्याने कोणी घर सोडीत नाही. उलट वस्ती आणखी फैलावली. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने २७ मोटारगाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. तिच्या जोरावर काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर या मोकळ्या भागांत घरे करणे मध्यमवर्गास साधू लागले. १९४० साली कोरटकरांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल शाळा निघाली ती नारायणगुड्यासच.

सरहद्द पुसली तरी तिने घडविलेली माणसे पुसली गेली नव्हती. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसच्या पहिल्या सत्याग्रही तुकडीने गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो पुतलीबावडीस. पाठोपाठ नोव्हेंबरात उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्‌’चा लढा उभा राहिला, मुले विद्यापीठातून काढली गेली आणि पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. सरकारी नोकराचा मुलगा सरकारी विद्यापीठातून हाकलला जातो, तेव्हा बापाच्या नोकरीचे काय होते, याची कल्पना वाचकांनी करावी. तीस वर्षांपूर्वी मराठी आळीत दोन खोल्या धरताना ज्या बापांनी फक्त मुलाच्या क्रमिक पुस्तकांचा विचार केला होता, त्यांपैकी काहींच्या दारी त्या निवडीचे फळ हे असे आले. कित्येकांस अभिमान वाटला असेल, कित्येकांनी कपाळावर हात मारला असेल; एकाच घरात दोन्ही झाले असेल.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन निजामी अंमल संपला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने हैदराबाद राज्यच नकाशावरून गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ तालुका, बासरच्या सरस्वतीसह, आदिलाबादेकडे गेला. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल निजामाबादेकडे गेले. नोकरांचीही वाटणी झाली. ज्यांच्या वाट्यास मुंबई राज्य आले त्यांनी काचीगुड्याच्या स्टेशनावर उलट्या दिशेची गाडी धरली आणि औरंगाबाद, पुणे, मुंबई येथे पुन्हा एकवार, उतरत्या वयात, बिऱ्हाड कोठे करावे या प्रश्नास आरंभ केला. नव्या गावी शेजारी त्यांच्या बोलण्यातील ‘दरखास्त’, ‘तनखा’ आणि ‘पेशी’ ऐकून हसत. ज्या मराठीसाठी एवढी यातायात केली ती मराठी येथल्यांना मुसलमानी वाटे.

पण सगळे परतले नाहीत. ज्यांची घरे झाली होती, वकिली जमली होती, मुलींची लग्ने तेथेच झाली होती, ते सुलतान बाजारात आणि काचीगुड्यात राहिले. राज्य आता आंध्र प्रदेश होते. १९६६ साली त्याची राजभाषा कायद्याने तेलुगू ठरली. १९२१ साली ज्या दिवाणखान्यात तेलुगू भाषणास हशा पिकला होता, त्याच्या आसपासच्या घरांतील मराठी मुले संध्याकाळी दिव्याखाली बसून तेलुगूची गोल अक्षरे गिरवू लागली.